साथीच्या काळात वकिलातीची खिडकी उघडी राहिली पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे 2025 मध्ये जागतिक आरोग्य सभेने महासाथ करार स्वीकारला आणि 19 सप्टेंबर 2025 पासून आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीतील, म्हणजे साथींचा प्रसार रोखण्यासाठी देशांनी पाळायच्या सामायिक नियमांतील, दुरुस्त्याही अमलात आल्या. या दोन्ही घटनांवर जे लिहून आले त्यात लशींचे वाटप, विषाणूंच्या नमुन्यांची देवाणघेवाण, निधी आणि राष्ट्रांचे सार्वभौमत्व हे विषय प्रामुख्याने होते आणि ते असायलाच हवेत. मात्र साथ भडकली त्या दिवशी स्वतःच्या देशाबाहेर असलेला माणूस, त्याच्या हातातले पारपत्र आणि परक्या भूमीवर त्याला ज्या एकमेव सरकारी दाराचा आधार असतो ती वकिलात, यांच्याविषयी मला फारसे वाचायला मिळाले नाही. ती उणीव आपल्या वाचकांपुढे आणि धोरण ठरवणाऱ्यांपुढे मांडावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. राजदूतावास आणि वाणिज्य दूतावास यांतला भेद मला ठाऊक आहे, पण सामान्य माणसाच्या दृष्टीने दोन्ही वकिलातीच असल्यामुळे मी येथे तोच शब्द वापरते.

हा विषय माझ्यापर्यंत घरातूनच आला. फेब्रुवारी 2020 मध्ये माझी आई परदेशातल्या माझ्या बहिणीकडे तिच्या बाळंतपणासाठी गेली होती. एप्रिलमध्ये बाळ जन्माला आले तेव्हा विमाने बंद झाली होती. आईच्या व्हिसाची मुदत ऑगस्टमध्ये संपत होती. ती वाढवून घ्यायची तर पारपत्राची मुदत पुरेशी शिल्लक असणे आवश्यक होते आणि नेमके तिचे पारपत्रही त्याच सुमारास संपत होते. बाळाच्या जन्माची नोंद करून त्याचे पारपत्र काढायचे होते, कारण कागद नसलेल्या बाळाला कोणत्याच विमानात जागा मिळणार नव्हती. ही सगळी कामे ज्या कार्यालयात व्हायची त्याने मार्चच्या अखेरीस खिडकी बंद केली आणि अर्ज स्वीकारणारे बाहेरचे केंद्रही त्याच दिवशी बंद झाले. दूरध्वनीवर ध्वनिमुद्रित संदेश ऐकू येई आणि तो संकेतस्थळ पाहायला सांगे; संकेतस्थळावर अधिक माहितीसाठी तोच दूरध्वनी क्रमांक दिलेला असे. माझ्या बहिणीने पाच आठवडे ईमेल पाठवले. शेवटी एका अधिकाऱ्याने स्वतः उत्तर दिले: कोणती कागदपत्रे टपालाने पाठवायची, मूळ पारपत्र पाठवावे की नाही आणि बाळासाठी कोणता अर्ज भरायचा, एवढेच चार ओळींत. त्या चार ओळींनी आमचे घर जागेवर आले. आई जुलैच्या शेवटी परतली. त्या अधिकाऱ्याचे नाव आम्हाला कधी कळले नाही, पण त्याच्याविषयीची कृतज्ञता आजही कायम आहे, आणि त्याच्यासारखे उत्तर पहिल्याच आठवड्यात मिळायला हवे होते ही तक्रारही कायम आहे.

वकिलातीचे काम म्हणजे व्हिसाचा शिक्का, अशी अनेकांची समजूत असते. वकिलातींच्या कामाविषयीच्या 1963 च्या व्हिएन्ना करारातील पाचवे कलम वाचले की हे काम किती विस्तृत आहे ते कळते. आपल्या देशाच्या नागरिकांना मदत करणे, त्यांना पारपत्र आणि प्रवासाची कागदपत्रे देणे, दस्तऐवज साक्षांकित करणे, जन्म-मृत्यूच्या नोंदींचे काम पाहणे, वारसाहक्काच्या प्रकरणांत नागरिकांचे हित जपणे, अल्पवयीन मुलांच्या हिताकडे लक्ष देणे, आपल्या देशाच्या जहाजांना आणि त्यांवरील खलाशांना साहाय्य करणे, एवढ्या गोष्टी त्या एका कलमात आहेत. यांपैकी कोणते काम साथीत कमी होते? मृत्यू वाढतात, म्हणून पार्थिव मायदेशी नेण्याची परवानगी, मृत्यूची नोंद आणि मृताचे पारपत्र रद्द करण्याचा दाखला या गोष्टींची गरज वाढते. नोकऱ्या जातात, म्हणून परतीच्या कागदांची गरज वाढते. परदेशी राहणाऱ्या वृद्धाला निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून हयातीचा दाखला लागतो, आणि मायदेशी आजारी पडलेल्या वडिलांचे बँक व्यवहार पाहता यावेत म्हणून मुलाला मुखत्यारपत्र साक्षांकित करून हवे असते. 2020 च्या अखेरीस जगभरात सुमारे 4 लाख खलाशी करार संपूनही जहाजांवरच अडकून पडले होते, कारण त्यांना बंदरात उतरू देण्यास आणि बदली खलाशांना चढू देण्यास अनेक देश तयार नव्हते. रुग्णालयाची दारे साथीत उघडी ठेवावी लागतात हे आपण गृहीत धरतो. वकिलातीच्या नागरी सेवेच्या बाबतीत मात्र बंद होणे हेच बहुतेक ठिकाणी गृहीत धरले गेले आणि उघडी राहणारी खिडकी अपवाद ठरली.

वकिलातीतील कर्मचारी हीसुद्धा माणसेच आहेत, तीही आजारी पडतात, त्यांनाही घरे आहेत, हे मी विसरलेले नाही. अनेक ठिकाणी त्याच माणसांनी अपुऱ्या संख्येने रात्रंदिवस काम केले. 7 मे 2020 पासून भारताने परदेशात अडकलेल्यांना परत आणणारी वंदे भारत मोहीम सुरू केली तेव्हा कोणाला आधी पाठवायचे याच्या याद्या वकिलातींनीच केल्या. नोकरी गेलेले कामगार, गरोदर स्त्रिया, वृद्ध, तातडीचे रुग्ण आणि व्हिसा संपत आलेले लोक यांना क्रमाने जागा देणे हे अवघड काम होते. युरोपीय संघाच्या सदस्य देशांनी मिळून आपले 6 लाखांहून अधिक नागरिक परत आणले. त्यामागे एक जुनी तरतूद होती: ज्या देशात स्वतःच्या राष्ट्राची वकिलात नाही तेथे संघातील कोणत्याही दुसऱ्या सदस्य देशाच्या वकिलातीकडे मदत मागण्याचा हक्क संघाच्या नागरिकाला आहे. व्हिएन्ना कराराच्या आठव्या कलमातही एका देशाच्या वकिलातीने दुसऱ्या देशाच्या वतीने काम करण्याची सोय आहे. म्हणजे मार्ग पूर्वीपासून उपलब्ध आहेत आणि जेथे ते आधीच आखून ठेवले होते तेथे त्यांचा उपयोगही झाला. माझा आग्रह पूर्वतयारीचा आहे.

आता प्रवेशनियमांकडे वळते, कारण वकिलातीची खिडकी बंद असण्याचे दुःख नियम रोज बदलू लागले की अनेक पटींनी वाढते.

साथीच्या काळातला प्रवेशनियम वाचताना प्रवाशाला पहिला प्रश्न पडतो तो वेळेचा. नियम कोणत्या क्षणापासून आणि कोणत्या ठिकाणी लागू होतो? विमानात चढताना, की उतरताना? 11 मार्च 2020 रोजी भारताने बहुतेक व्हिसा स्थगित केल्याचे जाहीर केले तेव्हा हा नियम 13 मार्चला ग्रीनिच वेळेनुसार दुपारी 12 पासून, निघण्याच्या ठिकाणी लागू होईल असे स्पष्ट लिहिले होते. त्या निर्णयाने हजारो बेत मोडले, पण निदान विमानात बसलेल्या माणसाला आपण नियमाच्या अलीकडे आहोत की पलीकडे, हे कळत होते. याउलट 26 नोव्हेंबर 2021 चा प्रसंग आठवावा. दक्षिण आफ्रिकेने 24 नोव्हेंबरला विषाणूचा नवा प्रकार जागतिक आरोग्य संघटनेला कळवला, दोन दिवसांत त्याला ओमायक्रॉन हे नाव मिळाले आणि एकामागून एका देशाने दक्षिण आफ्रिकेची विमाने बंद केली. नेदरलँड्सने बंदी जाहीर केली तेव्हा दक्षिण आफ्रिकेहून निघालेली दोन विमाने आकाशात होती. ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर उतरलेल्या सुमारे 600 प्रवाशांना आधी विमानात आणि मग विमानतळावर तासन् तास थांबवून ठेवण्यात आले. चाचण्या झाल्या तेव्हा त्यांच्यापैकी 61 जण बाधित निघाले, त्यामुळे चाचणी घेण्याचा निर्णय योग्यच होता असे मला वाटते. परंतु बाधित आणि अबाधित माणसे तितका वेळ एकाच बंद जागेत बसून राहिली, ही गोष्ट आरोग्याच्या दृष्टीनेही चुकीची होती. वाटेत असलेल्या माणसांचे काय करायचे हे आदेशाच्या मसुद्यातच लिहिलेले असते तर ती वेळ आली नसती.

दुसरा प्रश्न मोजमापाचा. '72 तासांच्या आतील चाचणी' हे शब्द अनेक देशांच्या नियमांत होते. हे 72 तास नमुना दिल्यापासून मोजायचे की अहवाल आल्यापासून, पहिल्या विमानाच्या सुटण्यापर्यंत मोजायचे की शेवटच्या, मध्ये मुक्काम असेल तर काय, विमानाला उशीर झाला तर काय, याची उत्तरे प्रत्येक देशात वेगळी होती आणि काही ठिकाणी ती लिहिलेलीच नव्हती. अमेरिकेने जानेवारी 2021 मध्ये चाचणीची अट घातली तेव्हा '72 तास' असे न लिहिता '3 दिवस' असे लिहिले आणि विमानाची वेळ थोडी सरकली तरी प्रवाशाची चाचणी बाद होऊ नये म्हणून असे केल्याचे कारणही दिले. मसुदा लिहिणाऱ्याने घड्याळाच्या जागी दिनदर्शिका ठेवली आणि तेवढ्याने विमानतळावरचे अश्रू थांबले. नियमाची कठोरता आणि नियमाची अस्पष्टता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला यातून विशेषकरून कळले. कठोर नियम माणूस सोसतो. अस्पष्ट नियमापुढे तो हतबल होतो, कारण आपण तो पाळला आहे की नाही हेच त्याला कळत नाही.

ही अस्पष्टता सोडवायला प्रत्यक्षात कोण बसलेले असते, तर विमान कंपनीचा खिडकीवरचा कर्मचारी. प्रवेशास अपात्र प्रवासी आणला तर कंपनीला दंड होतो आणि त्याला परत नेण्याचा भारही तिच्यावरच पडतो, म्हणून तो कर्मचारी समोरच्या टायमॅटिक या देशोदेशींच्या प्रवेशनियमांच्या माहितीसंग्रहात जे दिसेल तेवढेच मानतो. शंका आली की तो प्रवाशाला थांबवतो आणि त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते. म्हणजे देशाची सीमा साथीच्या काळात हजारो किलोमीटर दूरच्या परक्या विमानतळावर जाऊन बसते आणि तिच्यावर पहारा एका खासगी कंपनीचा तरुण नोकर देतो. अशा वेळी त्या सीमेचा अर्थ अधिकाराने सांगू शकणारा माणूस त्याच शहरात किंवा त्याच देशात एकच असतो, तो म्हणजे ज्या देशात जायचे आहे त्याच्या वकिलातीतला अधिकारी. पहाटे दोनला सुटणाऱ्या विमानासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्याचा दूरध्वनी लागत नसेल, तर नियम कितीही विचारपूर्वक केलेला असला तरी त्या माणसापुरता तो दार बंद करणाराच ठरतो.

तिसरा प्रश्न अपवादांचा आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. सरसकट नियम करताना कोणाचीही सर्व परिस्थितींची कल्पना पुरी पडत नाही. मार्च 2020 मध्ये ओसीआय कार्डधारकांचा, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचा, व्हिसाविना येण्याचा हक्क स्थगित झाला, तेव्हा आईवडील भारतीय नागरिक आणि परदेशात जन्मलेले मूल मात्र ओसीआय कार्डधारक, अशी कुटुंबे कचाट्यात सापडली. मे महिन्यात परतीची विमाने सुरू झाली तेव्हा आईवडिलांना जागा मिळू शकत होती आणि त्यांच्या लहान मुलाला नव्हती. 22 मे रोजी अशा मुलांसाठी, तसेच कुटुंबात मृत्यूसारखा तातडीचा प्रसंग ओढवलेल्यांसाठी सवलत आली आणि ती चांगली गोष्ट झाली. पण त्याआधीच्या काळात वकिलातीतील अधिकाऱ्याला समोरचे प्रकरण रास्त आहे हे दिसत असूनही स्वतःहून परवानगी देण्याचा अधिकार नव्हता. तो अधिकार त्याला पहिल्या दिवसापासून असता तर 22 मेच्या आदेशाची वाट पाहावी लागली नसती.

स्वतःच्या नागरिकांना देशात येऊ देण्याविषयी तर शंकेला जागा नसावी. नागरी आणि राजकीय हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या बाराव्या कलमात, कोणालाही स्वतःच्या देशात प्रवेश करण्याच्या हक्कापासून मनमानीपणे वंचित करता येणार नाही, असे म्हटले आहे. तरीही मे 2021 मध्ये ऑस्ट्रेलियाने आधीच्या 14 दिवसांत भारतात राहिलेल्या स्वतःच्या नागरिकांनाही परतण्यास मनाई केली आणि मनाई मोडल्यास 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 66,600 ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंडाची तरतूद तिला जोडली. 3 मे रोजी लागू झालेली ही मनाई 15 मे रोजी संपली. ते दिवस भारतातल्या दुसऱ्या लाटेचे होते आणि त्या वेळी प्राणवायूसाठी धावणाऱ्या शहरात अडकलेल्या ऑस्ट्रेलियन नागरिकाला स्वतःचा देश गुन्हेगार ठरवू पाहत होता, हे आठवले की आजही अस्वस्थ वाटते. न्यूझीलंडने परतणाऱ्या नागरिकांना विलगीकरणाची खोली मिळाल्याशिवाय येऊ दिले नाही आणि या खोल्या सोडत पद्धतीने दिल्या. या पद्धतीने काही नागरिकांच्या प्रवेशाच्या हक्काचे अवाजवी उल्लंघन झाले, असा निर्णय तेथील उच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये दिला. विलगीकरणाची गरज न्यायालयाने नाकारली नाही. कोणाची निकड जास्त आहे हे नीट न पाहता जागा वाटल्या गेल्या, याला त्याचा आक्षेप होता.

कागद मान्य करण्याच्या बाबतीतही असेच घडले. सप्टेंबर 2021 मध्ये ब्रिटनने जाहीर केलेल्या नियमांत भारतात तयार झालेल्या कोविशील्डला आधी स्थान नव्हते, मग 22 सप्टेंबरला लस मान्य झाली पण भारताचे प्रमाणपत्र मान्य झाले नाही. लस तीच, सूत्र तेच, तरीही भारतात दोन मात्रा घेतलेल्या माणसाला लस न घेतलेल्याप्रमाणे विलगीकरणात राहावे लागणार होते. भारताने 4 ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिकांवर 10 दिवसांच्या विलगीकरणाची अट घातली आणि 11 ऑक्टोबरपासून ब्रिटनने भारतीय प्रमाणपत्र स्वीकारले. दोन सरकारांमधला हा वाद तीन आठवड्यांत मिटला, पण विद्यापीठांची सत्रे सुरू होण्याचे दिवस नेमके तेच होते. पीतज्वराच्या लसीचा दाखला जगभर एकाच ठरावीक नमुन्यात दिला जातो आणि 2016 पासून तो आयुष्यभर वैध मानला जातो. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीतील नव्या दुरुस्त्यांनी आरोग्यविषयक कागदपत्रे डिजिटल स्वरूपातही देता येतील अशी सोय केली आहे. पुढच्या साथीची वाट न पाहता एकमेकांची प्रमाणपत्रे मान्य करण्याचे करार शांततेच्या काळातच व्हावेत, एवढेच मी या बाबतीत म्हणेन.

सीमा कधीच बंद करू नयेत, असे माझे म्हणणे नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही फेब्रुवारी 2020 च्या अखेरीस दिलेल्या सल्ल्यात, साथीच्या सुरुवातीला तयारीसाठी थोडा अवधी मिळावा म्हणून असे निर्बंध समर्थनीय ठरू शकतात, पण ते धोक्याच्या प्रमाणात, अल्पकाळाचे आणि वेळोवेळी फेरविचार होणारे असावेत, असे म्हटले होते. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीचे 43 वे कलम याहून पुढे जाते: वाहतुकीत मोठा अडथळा आणणारे जादा उपाय योजणाऱ्या देशाने ते अमलात आणल्यापासून 48 तासांत त्यांची आणि त्यांमागील आरोग्यविषयक कारणांची माहिती संघटनेला दिली पाहिजे. प्रवाशांना सन्मानाने वागवावे, अडवून ठेवलेल्यांना अन्न, पाणी, निवारा आणि शक्यतो त्यांना समजणाऱ्या भाषेत संपर्काची सोय द्यावी, असे 32 वे कलम सांगते. किमान 10 दिवस आधी जाहीर न केलेल्या लसीकरणाच्या अटीसाठी प्रवाशाकडून शुल्क घेऊ नये, हे 40 व्या कलमात आहे. संघटनेला 48 तासांत कळवण्याचे बंधन आहे, पण प्रवाशाला किती आधी कळवावे याचे बंधन मला कोठे दिसत नाही.

म्हणून माझी विनंती अशी की, प्रवेशाचा प्रत्येक नवा नियम अमलात येण्याचा क्षण ग्रीनिच वेळेत आणि ठिकाणासह लिहिला जावा, त्यात वाटेत असलेल्या प्रवाशांविषयी स्वतंत्र कलम असावे, आणि अत्यंत निकडीचा प्रसंग वगळता जाहीर होणे व लागू होणे यांत किमान 72 तासांचे अंतर असावे. तोच मजकूर त्याच वेळी वकिलातींना आणि विमान कंपन्यांच्या माहितीसंग्रहाला पोहोचावा. आज वकिलातीलाही अनेकदा वृत्तसंस्थेकडूनच नियम कळतो, असे मला या क्षेत्रात काम केलेल्या ओळखीच्यांनी सांगितले आहे. मृत्यू, गंभीर आजार, नवजात बालक, वेगळे पडलेले अल्पवयीन मूल आणि संपलेले पारपत्र या पाच प्रकरणांत निर्णय देण्याचा अधिकार वकिलातीतील अधिकाऱ्याला आधीच लेखी दिलेला असावा. अमेरिकेने मे 2021 मध्ये, 1 जानेवारी 2020 नंतर मुदत संपलेल्या पारपत्रावरही आपल्या नागरिकांना थेट मायदेशी परतण्याची मुभा दिली. एका आदेशाने असंख्य लोकांची वकिलातीत जाण्याची गरजच उरली नाही आणि उरलेल्यांसाठी खिडकी मोकळी झाली. अशी मुभा साथ जाहीर होताच आपोआप लागू होईल अशी तरतूद कोणत्याही देशाला करता येण्याजोगी आहे.

आणि दूरध्वनी. चोवीस तास, पाळीपाळीने, अधिकार असलेल्या माणसाने उचललेला दूरध्वनी. कर्मचारी कमी पडत असतील तर निवृत्त राजनैतिक अधिकाऱ्यांना त्यांच्या घरून हे काम देता येईल. त्यांना नियमांची भाषा कळते आणि माणसांची घालमेलही त्यांनी आयुष्यभर पाहिलेली असते. सुधारित नियमावलीनुसार प्रत्येक देशाला या नियमावलीसाठी एक राष्ट्रीय प्राधिकरण नेमायचे आहे. त्या प्राधिकरणात आरोग्य खात्याच्या बरोबरीने परराष्ट्र खात्याच्या वाणिज्यदूत विभागाचा अधिकारी पहिल्या दिवसापासून असावा आणि नियमाच्या मसुद्यावर त्याची सही लागावी, अशी माझी मागणी आहे. माझ्या बहिणीला पाच आठवड्यांनी मिळालेल्या त्या चार ओळी लिहायला त्या अधिकाऱ्याला फार तर दहा मिनिटे लागली असतील.

कळावे,
आपली,
एक नियमित वाचक